केकचा ‘काक’ करणारा तक्ता : एका शाळेच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, मुख्याध्यापिका आणि समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र उघड लिहितो आहे, कारण बंद पाकिटातली दोन पत्रे आपल्या कार्यालयात पोचली आणि त्यांचे उत्तर म्हणून नातीच्या डायरीत एक ओळ आली : ‘पालकांनी घरी वेगळे उच्चार शिकवू नयेत, विद्यार्थी गोंधळतात.’ शाळेचे नाव मात्र लिहीत नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, आणि इंग्रजी स्वरांच्या ज्या तक्त्याबद्दल बोलायचे आहे तो बाजारात सुटा विकत मिळतो. म्हणजे तो आणखी किती वर्गांच्या भिंतींवर टांगलेला असेल, कोण जाणे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी हे पत्र आपल्यालाच आले आहे असे समजावे.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो. मी गिरगावात राहतो. 38 वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवण्याच्या काळात लागलो आणि संगणकावर पाने लागायला लागली तेव्हा निवृत्त झालो. माझे पोट ऱ्हस्व-दीर्घावर भरले असे म्हटले तरी चालेल. वेलांटी पहिली की दुसरी, उकार कुठला, यावरून लेखकांशी भांडलो, कंपोझिटरांच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे ‘ऱ्हस्व’ आणि ‘दीर्घ’ हे शब्द कोणी चुकीच्या जागी वापरले की मला भातात खडा लागल्यासारखे होते. आणि या वेळी तो खडा माझ्या सात वर्षांच्या नातीच्या ताटात आला आहे.

ती आपल्या शाळेत दुसरीत आहे. जूनमध्ये वर्गात नवा तक्ता लागला : इंग्रजीचे पाच स्वर, प्रत्येकापुढे दोन चौकटी, एक ‘ऱ्हस्व’ आणि एक ‘दीर्घ’, खाली चित्र. मी तो मोबाइलवर फोटो मागवून पाहिला. ‘ए’ या अक्षरापुढे ऱ्हस्व म्हणून ‘अ’ आणि सफरचंद, दीर्घ म्हणून ‘आ’ आणि केक. ‘आय’पुढे ऱ्हस्व ‘इ’ आणि टाचणी, दीर्घ ‘ई’ आणि पतंग. ‘यू’पुढे ऱ्हस्व ‘उ’ आणि कप, दीर्घ ‘ऊ’ आणि क्यूब. ‘ओ’पुढे तर ऱ्हस्व ‘ओ’ खाली कुत्रा आणि दीर्घ म्हणून ‘औ’ खाली गुलाब. जुन्या सवयीने मोजले. 10 चौकटींपैकी 6 चुकल्या आहेत. क्यूबमधला ‘य’ गिळला आहे तो मी मोठ्या मनाने सोडून दिला.

पोर तक्त्याप्रमाणे वाचू लागली. काइटला ‘कीट’. केकला ‘काक’. कपला ‘कुप’. घरी तिच्या वाढदिवसाला आणलेल्या खोक्यावरची अक्षरे लावून तिने ‘काक’ वाचले आणि खिडकीकडे बघितले, कारण आमच्याकडे काक म्हणजे पितृपक्षात ज्याची वाट पाहतात तो. आम्ही हसलो. मग आकारिक चाचणी आली. ‘पुढील शब्दांतील स्वर ऱ्हस्व की दीर्घ ते लिहा’ असा प्रश्न, 10 शब्द. पतंगाच्या शब्दापुढे तिने काहीच लिहिले नाही. बाईंनी विचारले तर म्हणाली, “बाई, यात ई ऐकूच येत नाही. आय ऐकू येतं.” तिला 10 पैकी 4 मिळाले. आता अशा मुलांसाठी शाळा सुटल्यावर वेगळी फी घेऊन ‘फोनिक्स’चा, म्हणजे अक्षरांवरून उच्चार शिकवण्याचा, तास सुरू करायचे समितीने ठरवले आहे, असे कळते. जिचे कान बरोबर आहेत तिला कान दुरुस्त करायला पाठवायचे, आणि पैसे आम्ही भरायचे.

ही चूक झाली कशी ते मला कळते, म्हणून बाईंवर माझा राग नाही. इंग्रजीतल्या कुठल्या तरी तक्त्यावर ‘शॉर्ट’ आणि ‘लाँग’ असे लिहिले होते. कोणी तरी त्याचे ‘ऱ्हस्व’ आणि ‘दीर्घ’ असे भाषांतर केले, आणि एकदा ते शब्द आले म्हटल्यावर अ-आ, इ-ई, उ-ऊ या जोड्या मागोमाग चालत आल्या. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे तोच स्वर, कमी किंवा जास्त वेळ. एक मात्रा, दोन मात्रा. इंग्रजी शाळांतल्या बाई ज्याला ‘लाँग’ म्हणतात त्याचा अर्थ एवढाच की अक्षराचे जे नाव तोच त्याचा उच्चार. ए, ई, आय, ओ, यू. केकमध्ये ए, काइटमध्ये आय, रोझमध्ये ओ. आणि ‘शॉर्ट’ म्हणजे त्याच अक्षराचा दुसरा, नावाशी न जुळणारा उच्चार : बॅटमधला ॲ, पेनमधला ए, पिनमधला इ, डॉगमधला ऑ, कपमधला अ. पिनमधला इ कितीही ताणला तरी काइटमधला आय होत नाही. करून पाहा. छातीतला वारा संपेल.

मग त्याला ‘लाँग’ म्हणतात तरी का? हा प्रश्न मला नातीने विचारला आणि मी दोन आठवडे वाचनालयात बसलो. (निवृत्त माणसाला पंख्याखाली बसायला निमित्त हवेच असते.) कारण असे की एके काळी ते खरोखरच दीर्घ होते. चॉसर हा इंग्रजीचा जुना कवी 1400 साली वारला. त्याच्या काळात ‘एन-ए-एम-ई’ या शब्दाचा उच्चार जवळजवळ आपल्या ‘नाम’सारखा होता, आ लांब आणि शेवटी एक पुसटसा अ. ‘टी-आय-एम-ई’चा उच्चार ‘टीम’, घराच्या शब्दाचा ‘हूस’, चंद्राच्या शब्दाचा ‘मोन’. पुढच्या दोन-तीन शतकांत इंग्रजांच्या तोंडात हे सगळे दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले. आचा ए झाला, एचा ई झाला, ओचा ऊ झाला. ई आणि ऊ तर आधीच वरच्या पायरीवर होते. त्यांना आणखी वर जायला जागा नव्हती, ते फुटले आणि आय व आउ झाले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने 1909 साली या उलथापालथीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असे नाव दिले. ऱ्हस्व स्वर यात फारसे हलले नाहीत. म्हणून पिन पिनच राहिली.

आणि आता आमच्या धंद्याची गोष्ट. विल्यम कॅक्स्टन या इंग्लंडातल्या पहिल्या मुद्रकाने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला 1476 साली. म्हणजे आवाज सरकत असतानाच. छापखान्यांनी हळूहळू स्पेलिंगे पक्की केली, खिळे खाचेत बसले आणि आवाज पुढे निघून गेले. आज इंग्रजी वाचणारे प्रत्येक पोर ज्या खड्ड्यात पडते तो खणण्यात आमच्याच जातभाईंचा हात आहे, हे मला कबूल केले पाहिजे.

तर आपल्या तक्त्यावरून केकला ‘काक’ आणि काइटला ‘कीट’ म्हणणारी माझी नात तशी अगदीच चुकत नाही. तिला फक्त सहाशे वर्षे उशीर झाला. धोबी तलावाच्या बसस्टॉपवर उभे राहून तिने मला विचारले होते, “आजोबा, तलाव कुठाय?” मी सांगितले, होता, बुजवला, नाव राहिले. ‘लाँग’ स्वराचेही तसेच आहे हे तिला एका वाक्यात समजले. समितीला समजायला हरकत नसावी.

गंमत म्हणजे इंग्रजीत खरोखरच लांब उच्चारायचे स्वर आहेत, पण त्यांतले बरेचसे या तक्त्यात शोधून सापडत नाहीत. ब्रिटिश धाटणीच्या कुठल्याही उच्चारकोशात लांब स्वरापुढे आपल्या विसर्गासारखी दोन टिंबे असतात. ती शीपमधल्या ई पुढे असतात, फूडमधल्या ऊ पुढे, कारमधल्या आ पुढे, कॉलमधल्या ऑ पुढे आणि बर्डमधल्या अ पुढे. केक, काइट आणि रोझपुढे नसतात, कारण तिथे दोन स्वरांची जोडी आहे. म्हणजे कोशातले ‘लाँग’ वेगळे, तक्त्यातले वेगळे आणि आपले दीर्घ तिसरेच. तिन्ही एका चौकटीत कोंबून त्यावर सात वर्षांच्या मुलांना गुण द्यायचे, हा माझा पहिला आक्षेप. सगळ्यात मोठाही हाच.

दुसरा आक्षेप जरा नाजूक आहे, कारण त्यात आपण सगळेच सापडतो. मुलांनी कशाकडे कान द्यायला हवा ते हा तक्ता सांगतच नाही. एस-एच-आय-पी म्हणजे जहाज आणि एस-एच-डबल ई-पी म्हणजे मेंढी. मराठी माणूस दोन्हींना ‘शीप’ म्हणतो. मीही म्हणतो. जन्मभर ‘मलबार हील’ म्हणत आलो, आणि ‘हील’ म्हणजे टाच. हे अडाणीपणाचे लक्षण नाही, हे आपले व्याकरण आहे. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार आपण दीर्घ करतो : गरीब, वकील, फूल, मूल. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम 1962 साली आले, पण जीभ हे त्याच्या कितीतरी आधीपासून करत होती. तत्सम शब्द आपण लिहिताना वेगळे काढतो, बोलताना तेही नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ मोठ्याने वाचून शेजाऱ्याला विचारा कुठला कोणता. आणि शब्दाला पुढे काही लागले की तोच स्वर आखडतो. फूल, फुलाला. म्हणूनच आपण एक ‘ट्रीप’ काढतो आणि चार ‘ट्रिपा’ काढतो, एक ‘पीन’ हरवते आणि डबीभर ‘पिना’ सांडतात. इंग्रजी शब्दाला आपण घरचे नियम लावले. मला यात चूक काही दिसत नाही, उलट कौतुकच वाटते.

पण इंग्रजीत इ आणि ई बदलले की शब्दच बदलतो, आणि नुसता वेळ मोजून तो फरक सापडत नाही. इंग्रजीत शेवटी ट, प, क आले की आधीचा स्वर आखडतो. बी-ई-ए-टी मधला ई हा बी-ई-ए-डी मधल्या ईपेक्षा तोकडा असतो, जवळजवळ बी-आय-डी मधल्या इएवढा. तरीही इंग्रजाला तो ईच ऐकू येतो, कारण जिभेची जागा वेगळी. ई म्हणताना ओठ ताणले जातात, इ म्हणताना सैल राहतात. हे तक्त्यावर लिहून कळत नाही. बाईंनी दहा वेळा म्हणून दाखवावे लागते आणि मुलांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघावे लागते. त्याला फी लागत नाही. गल्लीतल्या एजंटांच्या पाट्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात. ते ‘लीव्ह’ आहे, म्हणजे परवानगी. ‘लिव्ह’ म्हणजे राहणे. भाड्याची खोली असल्यामुळे दोन्ही अर्थ जमून जातात, हा भाग वेगळा.

याच ओळीत आणखी एक. आपल्याकडे ए एकच. त्यामुळे लेखणी आणि वेदना दोन्ही ‘पेन’, दरवाजा आणि मिळणे दोन्ही ‘गेट’, परीक्षा आणि चव दोन्ही ‘टेस्ट’. विक्री ‘सेल’ आणि विकणेही ‘सेल’. तक्त्यात ‘ई’ अक्षराचा ऱ्हस्व म्हणून ए आहे. तक्ता सुधारून ‘ए’ अक्षराच्या दीर्घाखालीही नुसता ए लिहिलात, तर दोन चौकटींत तेच अक्षर येईल आणि मुले पुन्हा विचारतील. तिथे ‘एइ’ असे लिहा, किंवा लिहूच नका, म्हणून दाखवा. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे ती वापरा. ॲ आणि ऑ आपल्याकडे आहेत, 2009 च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत रीतसर बसले. बॅट आणि कॉट मराठी मूल देवनागरीत बिनचूक लिहू शकते. आणि आपला तक्ता सफरचंदाखाली ‘अ’ लिहितो! घरात असलेले अक्षर वापरायचे नाही याला काय म्हणावे?

तिसरे, ‘मॅजिक ई’. शेवटी ई आला की आधीचा स्वर स्वतःचे नाव सांगतो, असा नियम फळ्यावर लिहून दिला आहे. नियम चांगला आहे. हा ई म्हणजे जुन्या ‘नाम’च्या शेवटचा तो पुसट अ. आवाज गेला, खूण राहिली. पण त्याच आठवड्यात मुलांना हॅव, गिव्ह, लव्ह, कम आणि सम असे पाच शब्द पाठ करायला दिले आणि पाचही नियम मोडतात. हे सांगायचे धाडस कोणी केले नाही. हॅव, गिव्ह आणि लव्हमधल्या ईला कारण आहे : जुने इंग्रज लेखनिक शब्द व्ही या अक्षरावर संपू देत नसत, म्हणून शेवटी ई चिकटवत. तो ई शोभेचा. मुलांना असे सांगितले की त्यांना आवडते. नातीने वहीत त्या ईला झोपलेला काढला आहे.

दुहेरी व्यंजनाचा नियम मात्र तक्त्यात नाही आणि तो सगळ्यात उपयोगी. दोन व्यंजने आली की आधीचा स्वर सहसा ऱ्हस्व राहतो. होप करणारा ‘होपिंग’, एक पी. उड्या मारणारा ‘हॉपिंग’, दोन पी. राइटिंगला एक टी, रिटनला दोन. मी हा नियम अपमान गिळून शिकलो. एका लग्नपत्रिकेत ‘रिसेप्शन आणि डिनर’ असे इंग्रजीत छापले, आणि डिनरमधला एक एन माझ्या नजरेतून निसटला. उरले ते ‘डायनर’, म्हणजे जेवणारा. दीड हजार पत्रिका परत आल्या. मालकांनी पगार कापला नाही, पण पुढे कित्येक दिवस मला ‘या डायनर, बसा’ म्हणायचे. मला हे कोणी दुसरीत सांगितले असते तर बरे झाले असते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू झाले, आणि तेव्हाही ‘पाठ करा’ एवढेच.

चौथे, डायरीतली ती ओळ. 2000 सालापासून मराठी माध्यमात इंग्रजी पहिलीपासून आहे. पंचवीस वर्षे झाली. एवढ्या काळात पालक आणि आजी-आजोबा घरी मुलांजवळ बसले म्हणून बरेचसे इंग्रजी तरले आहे. त्यांनी वर्गातली चूक दाखवली तर त्यांना गप्प बसवू नका. माझे इंग्रजी मोडके आहे हे मी आधीच कबूल केले. मी ‘मलबार हील’वाला. पण चुकलेले प्रूफ ओळखायला उत्तम लेखक असावे लागत नाही.

आता मागण्या. तक्ता या आठवड्यात भिंतीवरून उतरवावा. नवा लावायचाच असेल तर त्यात इंग्रजी स्वरांना ‘ऱ्हस्व’ आणि ‘दीर्घ’ हे शब्द वापरू नयेत. ‘अक्षराचे नाव’ आणि ‘अक्षराचा दुसरा आवाज’ असे साधे म्हणावे. मराठीच्या तासाला मुले ऱ्हस्व-दीर्घ शिकतात ते शब्द तिथेच राहू द्यावेत. आकारिक चाचणीतला तो प्रश्न रद्द करून वर्गातल्या सगळ्या मुलांना त्याचे गुण द्यावेत, एकट्या माझ्या नातीला नकोत. पुढच्या वेळी ही परीक्षा तोंडी घ्यावी. बाई दोन शब्द म्हणतील, मुलाने चित्रावर बोट ठेवावे, जहाज की मेंढी. शाळा सुटल्यानंतरचा फीचा तास सुरू करू नये. आणि बाईंवर ठपका ठेवू नये. त्यांच्या वर्गात 40 मुले आहेत आणि तक्ता त्यांनी केलेला नाही, त्यांच्या हातात दिला गेला.

नवा तक्ता छापायला जाण्यापूर्वी त्याचे प्रूफ मला पाठवावे. दोन दिवसांत तपासून देतो. मोबदला नको, लाल शाई माझी. पुढच्या पालक सभेला मी येणारच आहे, तेव्हा उत्तर तोंडी दिलेत तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक आणि दुसरीतल्या मुलीचा आजोबा
गिरगाव, मुंबई

ता. क. : काल सकाळी खिडकीत कावळा आला. नातीने पोळीचा तुकडा ठेवला आणि त्याला ‘केक, ये’ अशी हाक मारली. तक्ता उतरवायची थोडी घाई करावी.